चांदीतला म्हातारा

लहानपणी माझ्या गळ्यात एक ताईत होता. ताईत म्हणजे काय, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक तुकडा. चवलीपेक्षाही लहान, कडा वेड्यावाकड्या, वर सोनारानं डाग देऊन बसवलेली कडी. एका बाजूला एका माणसाचं तोंड होतं. लांब नाक, मिशी, डोक्याला घट्ट बसलेली टोपी. आजी त्याला 'चांदीतला म्हातारा' म्हणायची. मी जेवलो नाही की, "म्हातारा बघायलाय बरं का!" अशी धमकी मिळायची. दुसऱ्या बाजूला तीन पालथ्या वाट्या एकावर एक रचल्यासारख्या होत्या, वर चंद्राची कोर, बाजूला सूर्य आणि खाली एक नागमोडी रेघ. माझ्या लेखी वाट्या म्हणजे डोंगर आणि रेघ म्हणजे आमची गोदावरी. यात शंका घेण्यासारखं काही आहे असं मला त्या वयात वाटलं नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, गोदाकाठचं. गावाला लागून एक पांढरी आहे. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे जमिनीचे दोनच प्रकार : पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. पण गाव उठून दुसरीकडे गेलं तरी जुन्या जागेची माती पांढरीच राहते. शेकडो वर्षांच्या भिंती, चुली, राख, शेण, हाडं, खापरं यांची मिळून ती झालेली असते. ही माती माळवदावर टाकायला सगळ्यात चांगली, पाणी धरत नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, पांढरी खणून गाडीनं माती आणायची पद्धत होती. म्हणजे बघा, आमच्या डोक्यावरचं छप्पर हे आमच्या आधीच्या लोकांच्या घरांचंच असायचं.

तर रझाकारीच्या आधी कधीतरी अशीच माती खणताना आबांना (माझ्या आजोबांना) एक फुटकं गाडगं लागलं आणि त्यात मूठभर असे तुकडे. आबांनी काय केलं? जे कुणीही केलं असतं तेच. दोन दिवस कुणाला बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी सोनाराकडे गेले. त्या तुकड्यांत चार हाली रुपये घालून सोनारानं देवघरासाठी टाक करून दिला, आंबाजोगाईच्या योगेश्वरीचा. उरलेले तुकडे आजीच्या कनवटीला गेले आणि १९७२ च्या दुष्काळात एकेक करून बाजारात. सगळ्यात शेवटी माझ्या गळ्यातला म्हातारा गेला. मी सहा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावरून आलेली आई आणि आजी दिव्याशी बसून हळू आवाजात बोलत होत्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात नुसता दोरा होता, एवढं आठवतं. त्याची किती ज्वारी आली हे मी पुढे बऱ्याचदा विचारलं. आजी म्हणायची, "आली तेवढी खाल्ली."

पुढे औरंगाबादला कॉलेजात असताना (तेव्हा ते औरंगाबादच होतं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) वाचनालयात एका जाड पुस्तकाची पानं चाळताना अचानक तो म्हातारा समोर आला. तेच नाक, तीच मिशी, तीच टोपी. पानावर ओळीनं पंधरा-वीस म्हातारे होते आणि त्यांच्यामागे त्याच तीन पालथ्या वाट्या. खाली लिहिलेलं : पश्चिमी क्षत्रप, चांदी. मी त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसलो होतो.

त्यानंतर मी या विषयाच्या नादी लागलो. पोटापाण्याशी त्याचा संबंध नाही, पदवी नाही, नुसता नाद. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की समजली आहे आणि आज तीच सांगायची आहे. म्हाताऱ्याच्या तोंडाभोवती बारीक रेघोट्या होत्या. मला त्या नक्षी वाटायच्या. ती नक्षी नव्हती. ती ग्रीक अक्षरं होती, किंवा ग्रीक अक्षरांचं जे काही उरलं होतं ते. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका कुणब्याच्या पोराच्या गळ्यात अथेन्सचा एक लांबचा, फार लांबचा नातेवाईक लटकत होता.

हे कसं झालं ते जरा सविस्तर सांगतो. घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण माझ्या मते मजा त्यातच आहे.

ग्रीकांची जुनी नाणी बघितली की पहिल्यांदा लक्षात येतं ते म्हणजे राजाचा पत्ता नाही. नाणं गावाचं असायचं आणि गावानं आपल्याकडे जे आहे ते त्यावर काढायचं. एजिना बेटाच्या लोकांनी कासव काढलं. कोरिंथनं पंखांचा घोडा. ऱ्होड्स बेटाच्या नावाचा अर्थ गुलाबाशी जुळतो म्हणून त्यांच्या नाण्यावर गुलाब, म्हणजे चक्क शाब्दिक कोटी आणि तीही चांदीत. सिराक्यूजच्या नाण्यावर अरेथुसा नावाच्या झऱ्याच्या देवतेचं मुख आणि भोवती डॉल्फिन मासे. तिथले काही कारागीर तर साच्यावर स्वतःचं नाव कोरायचे. किमॉन, युएनेटस ही त्यातली नावं आजही वाचता येतात. आणि मला सगळ्यात आवडतं ते मेटापॉन्टम या दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतीचं. त्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या नाण्यावर एकच चित्र ठेवलं : सातूचं कणीस. कुसळं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. कधी त्याच्या पानावर नाकतोडाही बसलेला असतो. ज्यानं ते कोरलं त्यानं नक्की कधीतरी राखण केलेली असणार. आमच्या भागातून नाणं काढायची वेळ आली असती तर ज्वारीच्या कणसाशिवाय दुसरं काय काढलं असतं?

अथेन्सचं नाणं तर तुम्ही चित्रात कुठेतरी पाहिलंच असेल. एका बाजूला अथेना, दुसऱ्या बाजूला टपोऱ्या डोळ्यांचं घुबड, जैतुनाची डहाळी, चंद्रकोरीचा तुकडा आणि अथेन्सची पहिली तीन अक्षरं. वजन सतरा ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे चार द्राख्मा. (आमच्याकडे घुबड दिसलं की बाया तोंड फिरवतात आणि बंगालात तेच लक्ष्मीचं वाहन. एकाच पक्ष्याच्या नशिबी काय काय यावं!) या घुबडांची चांदी लॉरियनच्या खाणीतली. इ.स.पूर्व ४८३ च्या सुमारास तिथे मोठी शीर लागली तेव्हा ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार होता. थेमिस्टोक्लीसनं लोकांना पटवून त्याची जहाजं बांधली आणि तीन वर्षांनी सलामिसच्या लढाईत त्याच जहाजांनी इराणी आरमार बुडवलं. मात्र ती चांदी काढायला जमिनीखाली गुलाम होते, हे नाण्यावर कुठे दिसत नाही. नाण्यावर राबणारा माणूस कधीच दिसत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. असो.

नाण्यावर जिवंत राजाचं तोंड येऊ लागलं ते सिकंदराच्या नंतर. त्याचे सरदार राजे झाले, त्यांना आपण खरे राजे आहोत हे पटवून द्यायचं होतं, मग तोंड आलं. हीच चाल बल्ख-बॅक्ट्रियातल्या ग्रीक राजांनी उचलली आणि ते हिंदुकुश ओलांडून इकडे आले तेव्हा नाण्यावर एक नवी गोष्ट झाली. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. मिनँडर हा एका बाजूला 'बासिलेऑस' आणि दुसऱ्या बाजूला 'महरजस'. बौद्धांच्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेनाशी वाद घालणारा मिलिंद तो हाच. त्याच्या आधीच्या अपोलोडोटसच्या चौकोनी नाण्यावर एकीकडे हत्ती आणि दुसरीकडे वशिंडाचा बैल आहे, अगदी पोळ्याला सजवून उभा करावा तसा. आणि अगॅथोक्लीस नावाच्या ग्रीक राजाच्या सहा नाण्यांवर, जी १९७० साली अफगाणिस्तानात आय-खानुमच्या उत्खननात सापडली, एका बाजूला वासुदेव कृष्ण आहे आणि दुसऱ्या बाजूला बलराम. बलरामाच्या हातात नांगर. ग्रीक राजाच्या चांदीवर नांगरधारी देव, इसवी सनाच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षं आधी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या.

आता हे सगळं आमच्या पांढरीत कसं आलं? तर रस्त्यानं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं टिपण लिहून ठेवलं. त्यात तो म्हणतो की बॅरिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी चांदीची नाणी अजून चालतात. मिनँडरला मरून तेव्हा दीडशेच्या वर वर्षं झाली होती. त्याच टिपणात दख्खनच्या दोन पेठांची नावं आहेत. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे फ्लीटनं १९०१ साली दाखवून दिलं. पैठणहून अकीक जायचा, तेरहून कापड जायचं, गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून.

आता घरातला नकाशा काढा आणि पैठण व तेर यांच्यावर पट्टी ठेवा. पट्टीच्या मधोमध बीड येतं. पूर्व म्हणताना त्या व्यापाऱ्याची दिशा थोडी चुकली, ती आग्नेय हवी होती, पण ते सोडून द्या. त्या दहा दिवसांच्या वाटेतले बरेच मुक्काम आमच्या जिल्ह्यातच पडले असणार. आज आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते तुम्हाला ठाऊक आहेच : दुष्काळ, ऊसतोड आणि अलीकडे त्याहून वाईट गोष्टी. 'मागास' हा शब्द तर जिल्ह्याच्या नावाला जोडूनच येतो. मला इतिहासाचा गर्व वगैरे मिरवायचा नाही. पण आमचा मुलूख कायमच आडबाजूला होता असं जे आम्ही स्वतःच धरून चाललो आहोत, ते खरं नाही एवढं नक्की.

नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप. भडोचपासून नाशिक-जुन्नरपर्यंत त्याचा अंमल. त्याला नाणं काढायचं होतं आणि बाजाराला सवय होती ती मिनँडरच्या चांदीची. मग त्यानं तसंच नाणं काढलं. वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, एका बाजूला स्वतःचं तोंड, भोवती ग्रीक अक्षरं. पण ती अक्षरं ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही! 'रञो क्षहरातस नहपानस' हेच आपलं प्राकृत ग्रीक अक्षरांत बसवलेलं. मोबाइलवर आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो ना, तोच प्रकार. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. एकाच नाण्यावर तीन लिप्या. पुढच्या क्षत्रपांच्या काळात ग्रीक वाचणारं कुणी उरलं नाही. अक्षरांचे ठोकळे झाले, ठोकळ्यांच्या रेघा झाल्या. पण त्या काढून टाकायची हिंमत कुणाला झाली नाही, कारण त्या रेघा नसतील तर गिऱ्हाईक नाणं खोटं म्हणेल. माझ्या म्हाताऱ्याच्या भोवती होत्या त्या ह्याच रेघा.

म्हाताऱ्याच्या डोक्यामागे आणखी काही खुणा होत्या. तो शकाचा आकडा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून क्षत्रप आपल्या चांदीवर साल घालू लागले, ब्राह्मी अंकांत. आपल्या पंचांगात आजही जो शक मोजतात तोच. त्या सालांवरूनच या घराण्याची वंशावळ जुळवली गेली, कोण कधी बसला, कुणी कुणाला उठवलं. म्हणजे माझ्या गळ्यात एक तारीख होती. मी तिला चोखत होतो.

आता जोगलथेंबीची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं हे गाव. १९०६ साली तिथे नहपानाची चांदीची नाणी सापडली, थोडीथोडकी नाही, तेरा हजारांच्या वर. स्कॉट नावाच्या पाद्रीबुवांनी ती तपासून त्याबद्दल लिहिलं. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या तोंडावर दुसराच शिक्का मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं कोरून ठेवलं आहे की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. एवढं हाडवैर. पण त्याच मुलानं वैऱ्याची चांदी वितळवली नाही. त्यावर आपला ठसा मारला आणि पुन्हा बाजारात सोडली. शिक्क्याच्या बाजूनं नहपानाचं नाक अजून डोकावतं, अर्धवट ग्रीक अक्षरं दिसतात.

यात थोरपणा होता की काटकसर, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर काटकसर जास्त. हजारो नाणी आटवून पुन्हा पाडायची म्हणजे कोळसा, मजुरी, वेळ आणि तोवर बाजार बंद. पण ही काटकसर शहाणपणाची होती, कारण तिच्यात गरिबाच्या गाठीचं नाणं मेलं नाही. ज्याच्याकडे काल नहपानाचे दोन तुकडे होते त्याच्याकडे आजही दोन तुकडे होते, फक्त तोंड बदललं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मला राहून राहून गौतमीपुत्राची आठवण येत होती. माझ्या चुलतीनं तुरीच्या डब्यात दडवलेल्या पाचशेच्या नोटा दुसऱ्या दिवशी बाहेर आल्या आणि त्या मोडून घेण्यासाठी ती म्हातारी तीन दिवस रांगेत उभी होती. धोरण बरोबर की चूक यावर भांडणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच म्हणतो, शिक्का बदलताना लोकांच्या कनवटीचा विचार दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला सुचला होता.

आणि पुढची गंमत बघा. शकांचा उच्छेद केलेल्या याच सातवाहनांनी नंतर चांदीची नाणी काढली ती कशी? राजाचं तोंड असलेली! पुळुमावीची आहेत, यज्ञ सातकर्णीची आहेत. यज्ञ सातकर्णीचं एक तर १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. शत्रूची फॅशन शत्रूपेक्षा जास्त टिकली. क्षत्रप संपले, गुप्तांनी तशीच चांदी पाडली. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजानं नाशिककडे तेच वजन, तेच तोंड आणि मागे नंदी अशी नाणी काढली. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंजनेरीच्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' म्हणून त्यांचा उल्लेख आहे. मिनँडरपासून अंजनेरीपर्यंत साडेआठशे वर्षं झाली.

नाणं गेलं तरी नाव राहिलं. द्राख्माचं द्रम्म झालं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क हे कोष्टक आहे. द्रम्माचं दाम झालं आणि दामाची दमडी. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असं आपण ज्या चिक्कू माणसाला म्हणतो त्याच्या मुठीत ग्रीकांचं नाणं आहे! आणि दामदुप्पट. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातलं 'दाम' तेच. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात यानं कोरलं आहे की विणकऱ्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं, त्यातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. गणित करून पाहा, पै न पै जुळते. आमच्याकडे खाजगीत शेकडा तीन आणि पाच रुपये महिना चालतो आणि मुकादमाची उचल घेतलेली जोडपी एका पट्ट्यात फिटली नाही म्हणून पुढच्या पट्ट्याला जातात. दगडावरचं व्याज वाचताना मला हे आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

या विषयावर दोन प्रकारची माणसं मला भेटतात आणि दोघांशीही माझं पटत नाही. एक म्हणतात, बघा, नाणंसुद्धा आपल्याला ग्रीकांनी शिकवलं. साफ चूक. ग्रीक यायच्या आधीपासून आपल्याकडे ठसे मारलेली चांदीची नाणी होती, ज्यांना आहत नाणी म्हणतात. त्यावर सूर्य, झाड, डोंगर, बैल, सगळं होतं. फक्त तोंड आणि नाव नव्हतं. दुसरे म्हणतात, ग्रीक-बिक काही नाही, सगळं आपलंच होतं, परक्यांनी लुटलं. त्यांना मी नहपानाचं नाणं दाखवतो. ते डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "ही नक्षी आहे." मीही सहा वर्षांचा असताना तसंच म्हणत होतो.

मला वाटतं, तोंड कुणाचं यापेक्षा ते लोकांनी कशासाठी ठेवून घेतलं हे बघावं. पैठणच्या हमालाला अथेना ठाऊक नव्हती. त्याला एवढंच ठाऊक होतं की असं दिसणारं नाणं चोख असतं. माझ्या आजीच्या पिशवीत निजामाचे हाली रुपये होते, चारमिनारचे; आणि इंग्रजांचे कलदार होते, राजाच्या तोंडाचे. तिनं यातला एकही पाहिला नव्हता, ना चारमिनार ना राजा. ती रुपया दगडावर आपटून वाजवून घ्यायची. नाद बरोबर असला की राजा कुणी का असेना.

पण मग आबांनी आणि आजीनं केलं ते बरोबर का? इथे माझी पंचाईत होते. १९७२ साली घरात सहा तोंडं होती. त्यांना इतिहासाचा साठा जपायला सांगणारा मी कोण? दोष द्यायचा तर त्यांना नाही. पण आज मात्र तसं म्हणता येत नाही. आज पांढरी फावड्यानं खणत नाहीत, जेसीबी लावतात. माळवदं राहिली नाहीत, स्लॅब आले, तरी पांढरी माती खत म्हणून रानात टाकायला लागते. आबांच्या हयातीत गेली नाही तेवढी पांढरी गेल्या दहा वर्षांत गेली. आणि गुप्तधनाच्या नादात रात्री खणणारे वेगळेच. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन शोधण्यासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचं कलम घालावं लागलं, यावरून ओळखा.

नाण्यांसाठी कायदा आहे, तो १८७८ चा. दहा रुपयांवर किंमत असलेलं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मालक ठरला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक जमीनवाल्याला. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. वाचायला हे वाईट नाही. पण खेड्यात हे कुणाला माहीत आहे? तिथे माहीत आहे ते एवढंच की सांगितलं तर पोलीस येतील, रान जाईल. (नाण्यांसाठी कुणाचं रान जात नाही, त्या कायद्यात तसं काही नाही.) आणि धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा म्हणजे दोन ग्रॅमच्या तुकड्यावर मिळून मिळून किती मिळणार? सोनार तेवढे लगेच देतो, प्रश्न न विचारता. माझं स्पष्ट मत आहे की किंमत धातूची नको, नाण्याची द्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी महिन्याभरात द्या. जोगलथेंबीच्या नाण्यांची किंमत चांदीच्या भावानं करायची म्हटली तर गौतमीपुत्राचा शिक्का फुकटच गेला म्हणायचा. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातून गोळा केलेल्या वस्तूंचं आज संग्रहालय उभं आहे. एका माणसानं आपल्या गावापुरतं ठरवलं म्हणून ते झालं.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाचा फोन आला. पांढरीतून माती काढताना खापरं निघाली आणि खापरात तीन बारके तुकडे. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवले. एकावर नुसती माती होती. दुसऱ्यावर तीन पालथ्या वाट्या. तिसऱ्यावर तो होता. नाक, मिशी, टोपी. पन्नास वर्षांहून जास्त काळानंतर.

"दादा, चांदी किती भरंल?" भावानं विचारलं.

"सहा ग्रॅम. सात म्हण."

"मग सोनाराला इचारू का?"

मी नको म्हणालो. कायदा सांगितला. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "आन् रान गेलं म्हंजे?" मी पुन्हा समजावलं. "तू सोबत येशील का?" म्हणाला. गेलो. त्याची बायको म्हणाली, एक ठेवून घ्या की, पोराच्या गळ्यात घालू. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

धुतलेल्या कापडात तीन तुकडे बांधून आम्ही कचेरीत गेलो. तीन टेबलं फिरलो. प्रत्येक टेबलावर कापड सोडलं, पुन्हा बांधलं. शेवटच्या टेबलावरचा कारकून भला माणूस होता, पण त्याच्याकडे यासाठी रकाना नव्हता. त्यानं म्हाताऱ्याला उजेडात धरून बघितलं. "कोण आहेत हे?" म्हणाला. मी जमेल तेवढं सांगितलं, मिनँडर सोडून. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पावती लिहून दिली. पावती भावाच्या कपाटात सातबाऱ्याच्या खाली ठेवलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे : 'पांढऱ्या धातूचे जुने तुकडे, नग ३.'